नाक कापू नकोस

दुकान अबिबाचं. ओटा तेवढा माझा, भाड्यानं,
आणि हे पायाचं मशीन,
ज्याची चामड्याची वादी मी दोनदा सांधली आहे.

त्या वर्षी चिल्वा सरोवराच्या काठी ट्रक आला
तो कापड घेऊनच.
बाईमागे दोन मीटर चितेंजे, फुकट.
निळ्यावर पिवळी कणसं, आणि वीतभर अंतरावर
मॅक्सन मतेपुकाचा चेहरा,
चष्मा लावलेला, हसरा,
पुन्हा चष्मा लावलेला, हसरा.
खाली अक्षरं : धक्का बांधून देतो.
आमच्या काठाला धक्का नाही.
होडीतल्या टोपल्या बायका छातीभर पाण्यातून आणतात.

दुसऱ्या दिवशी ओट्यासमोर रांग.
"वायसन, झगा शीव, पण त्याचं नाक कापू नकोस हं."
आता कात्रीला काय कळतं
माणूस कुठे संपतो आणि कणीस कुठे लागतं.
एक डोळा बाहीत जायचा, हनुवटी काखेत.
फालेसीच्या पाठीवर दोन अर्धे चेहरे जुळवताना
तीन कान आले.
ती म्हणाली, राहू दे,
नीट ऐकेल तरी.

एनिफानं शिवलंच नाही.
तसंच कमरेला गुंडाळलं
आणि सभेत धूळ उडेपर्यंत नाचली.
दमून बसली ती नेमकी त्याच्या तोंडावर.
पुढच्या आठवड्यात दुसऱ्यांचा ट्रक आला, लाल.
ते तिनं निळ्यावरून नेसलं.
मी विचारलं, मत कुणाला?
म्हणाली, आतलं आत असतं.

मतेपुका पडला.
माझ्या पाठीशी राहा, असं ओरडून सांगायचा सभेत.
राहिला तोच,
फालेसीच्या पाठीशी, तिचं तान्हं पेलत,
दिवसातून चारदा ओला होत,
कुंपणावर वाळत.
एनिफाच्या नवऱ्याला पुरलं त्या दिवशी
बायका जे होतं ते नेसून आल्या,
निळं, लाल, विटलेलं,
आणि सगळे उमेदवार मातीत बसून होते,
कुणीच बोललं नाही.

मग सरोवर आटत गेलं.
होड्या चिखलात कलंडल्या.
धक्का झाला असता तर आज गवतात उभा असता,
बकऱ्या चढल्या असत्या त्यावर.

सातव्या वर्षी तो आला. पायी.
हातात पँट : कमरेत आत घ्यायची, खिसा फाटलाय.
मी त्याला आधी ओळखलं नाही.
त्यानं मात्र स्वतःला ओळखलं.
मशीनवर मी टाकून ठेवलेला तो तुकडा होता,
तेलकट हात पुसायचा.
इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून
तो माझं मशीन राखत होता.

चेहरा पडला तो माझा. त्याचा आधीच पडून झालेला.
तो जवळ आला, बोटानं तेलाचा डाग चाचपला.
म्हणाला, चष्मा माझा नव्हता.
छापखानेवाल्याचा. लाव, म्हणाला, शहाणा दिसशील.
त्यातून मला काही दिसेना,
कॅमेरा कुठे आहे तेसुद्धा.
आवाज आला तिकडे बघून हसलो.

मी टेप काढली. कंबर एकतीस.
विचारलं, खिशाला आतून कुठलं कापड लावू?
तो मशीनकडेच बघत होता.
टिकेल का ते?
रंग जातो, मी म्हणालो, सूत टिकतं.

साबणानं दोनदा धुतलं, उन्हात घातलं.
बेतताना फार जपलं.
नाक वाचलं. एक कान मात्र शिवणीत गेला.

तीनशे क्वाचा सांगितले, त्यानं मोजून दिले.
पँट तिथेच चढवली, आडोशाला,
आणि नव्या खिशात हात घालून पाहिला.
बराच वेळ बाहेर काढला नाही.